मदत हवी आहे: ओसाका ते मियाजिमा एका दिवसात, भरती-ओहोटी कशी साधायची?

हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटावर नोव्हेंबरात जाणार आहोत, सोबत सत्तरीचे दोघं आहेत. जेआर (जपान रेल्वे) पास आहे, म्हणून त्यावर जादा पैसे लागणारी नोझोमी बुलेट ट्रेन टाळून शिन-ओसाकाहून साकुरा ही दुसरी बुलेट ट्रेन धरायची. हिरोशिमाला साधारण दीड तासात. तिथून सान्यो लाइनची इवाकुनीकडची लोकल, अर्ध्या तासात मियाजिमागुची, मग दहा मिनिटांची फेरी. जेआरचीच बोट घेणार, कारण पास चालतो आणि दिवसा जाताना ती तोरीच्या, म्हणजे मंदिराच्या समुद्रातल्या कमानीच्या, जवळून वळते. पर्यटक कराचे १०० येन मात्र पास असला तरी वेगळे भरावे लागतात.

इथवर ठीक. घोडं अडलंय पाण्यापाशी. पाणी २५० सेंमीच्या वर असेल तर तोरी तरंगल्यासारखी दिसते, १०० च्या खाली गेलं की चालत पायथ्याशी जाता येतं. दोन्हींत साधारण सहा तासांचं अंतर. आमच्या दिवशी भरती सकाळी दहाच्या सुमारास, म्हणजे ओहोटी चारला, आणि पाचच्या आसपास सूर्यास्त!

मधल्या वेळात बेटावरच्या मिसेन डोंगराचा रोपवे बसेल का? वरच्या स्टेशनापासून शिखरापर्यंत अर्धा तास चढ-उतार आणि पायऱ्या आहेत. त्या दोघांना शिशिइवाला, म्हणजे त्या वरच्या स्टेशनावरच, थांबवलं तर तिथून देखावा पुरेसा दिसतो का? की रोपवे सोडून द्यावा आणि ओहोटी निवांत बघावी?