मदत हवी आहे: शाळा सुटल्यावर सरावाला पोरी थांबत नाहीत, पोरं येऊन परत जातात

नमस्कार मंडळी, जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या हायस्कूलला पीटी शिकवतो. शाळा पाचला सुटते, त्यानंतर तासभर खो-खो आणि कबड्डीचा सराव ठेवलाय. आठवी-नववीची लेकरं थांबत नाहीत ही नेहमीचीच रड, पण पोरींचं न थांबणं वेगळं आणि पोरांचं वेगळं. मीटिंगमधे मात्र उपाय एकच निघतो, सक्ती करा. म्हणून इथे विचारतोय.

नाव न घालता चिठ्ठ्या लिहायला लावल्या होत्या. पोरींच्या चिठ्ठ्यांत पहिली गोष्ट बस. सरकारच्या मानव विकास योजनेतली निळी एसटी बस मुलींना फुकट आहे, तिच्यामुळेच वाड्या-तांड्यांवरच्या पोरी सातवीनंतर शाळेत टिकल्यात, त्यामुळे बसला नावं ठेवणार नाही. पण ती सव्वापाचला निघते आणि नंतर तिकडे जायला काहीच नाही. पोरांचं तसं नाही, सायकल आहे, नाहीतर कुणाच्याही गाडीवर ट्रिपल सीट जातात, अंधार पडला तरी घरी कुणी विचारत नाही.

ज्यांना बस लागत नाही त्या गावातल्याच पोरी तरी थांबाव्यात ना, तर त्यांना घरी जाऊन भाकरी टाकायच्या असतात, धाकट्याला सांभाळायचं असतं. कपडे बदलायला जागा नाही, बाथरूमच्या दाराला आतून कडी नाही, म्हणून ड्रेसवरच ओढणी कमरेला बांधून पळतात आणि कंपाउंडवर बसलेली टवाळ पोरं बघत असतात. पाळीचे दिवस आले की आठवडाभर दिसत नाहीत. एकीने लिहिलंय, "सर हाफ पँट घालायला लावू नका, बाकी मी रोज येते."

पोरांचं म्हणाल तर क्लास, मोबाईलवरचा गेम, हे धरूनच चाललो होतो. पण बऱ्याच जणांनी लिहिलं की टीममधे घेतच नाहीत, नुसतं बाहेर बसवतात. जाड पोरांना चिडवतात. म्हणजे जे चांगलं खेळतात तेच खेळतात, बाकीचे कडेला बसून कंटाळतात आणि निघून जातात.

कुणी असं काही सोडवलंय का? बाई कोच मिळणं आमच्याकडे अशक्य आहे, बजेट तर विचारूच नका.

गोदाकाठची_बाई: सर, बसशी भांडू नका, सराव शाळेच्या वेळेत घ्या. आम्ही पीटीचे दोन तास जोडून शेवटी टाकले, वेळापत्रकवाल्या सरांना महिनाभर चहा पाजावा लागला पण जमलं. कडी मात्र उद्याच बसवा, त्याला कसलं बजेट लागतंय. ट्रॅक पँट चालेल असं वर्गात सगळ्यांसमोर सांगा, एकेकीला बाजूला घेऊन सांगितलं तर लाजतात. आणि पाळीचं तुम्ही बोलू नका, शाळेतल्या एखाद्या मॅडमना बोलू द्या, पॅड कुठे ठेवलेत तेवढं पोरींना माहीत असलं तरी फरक पडतो.

आकडेबहाद्दर: २०१९ ला जागतिक आरोग्य संघटनेचा अभ्यास आला होता, ११ ते १७ वयाच्या मुलांचा. जगात ८५ टक्के मुली आणि ७८ टक्के मुलगे रोज तासभरसुद्धा पुरेसे हलत नाहीत. भारताचे आकडे त्यामानाने बरे निघाले, आणि कारण काय दिलं असेल, तर मुलगे क्रिकेट खेळतात आणि मुली घरकाम करत असाव्यात! भांडी घासून कुणी खो-खोची कॅप्टन झालेलं मी तरी ऐकलं नाही.

रांगडा_गडी: एवढं काय त्यात, मोबाईल काढून घ्या, पोरं आपोआप ग्राउंडवर येतील.

गोदाकाठची_बाई: @रांगडा_गडी येतील आणि परत कडेलाच बसतील, सरांनी तेच तर लिहिलंय वर. सर, आठवड्यातले दोन दिवस निवड-बिवड बंद ठेवा, लंगडी, आट्यापाट्या, डॉजबॉल असलं काहीतरी घ्या, टीम चिठ्ठ्या टाकून पाडा. चिडवणाऱ्याला शिट्टी देऊन पंच करा, आमच्याकडे एक नंबर उपाय ठरला. आणि पोरींच्या वडिलांना खेळाचे फायदे सांगत बसू नका, जिल्हा पातळीपासून पुढे नंबर काढला की दहावीला क्रीडा गुण मिळतात हे सांगा, लगेच कान टवकारतात. आईशी मात्र वेगळं बोला, संध्याकाळच्या भाकरीचा हिशोब तिच्याकडे असतो.

पीटीवाले_सर: मॅडम, खूप आभार. कडी आजच आणतो. शेवटच्या तासाचं मुख्याध्यापकांशी बोलतो, पण गणितवाले तो तास सोडतील असं वाटत नाही. दोन दिवस तरी बस अर्धा तास उशिरा सोडा असा अर्ज डेपोला द्यायचाही विचार आहे. तो मुख्याध्यापकांच्या सहीने द्यायचा की पालक-शिक्षक संघाच्या? कुणी दिला असेल तर नमुना टाका प्लीज.