पैसे भरण्याआधी हे करून पाहा
नवापूरच्या डॉक्टर ताईंनी विचारलंय, सिकलसेल या रक्ताच्या आजारावरच्या लेखाचा सारांश दिसतो, पण पूर्ण लेखाला डॉलर मागतात. ताई, लगेच पैसे भरू नका. शीर्षक पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय लेख शोधायच्या मोफत वेबसाइटवर टाका. 'फ्री पीएमसी आर्टिकल' दिसलं की पूर्ण लेख फुकट उघडतो. नाहीतर नंदुरबार किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात विचारा. केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालीय, त्यात सरकारी शिक्षण आणि संशोधन संस्थांना हजारो जर्नल्स मिळतात. खाजगी दवाखाने त्यात नाहीत, हे मला फार खटकतं. सातपुड्यातला पेशंट कित्येकदा आधी त्यांच्याच दारात येतो! तेही जमलं नाही, तर लेखकाच्या नावाखालच्या पत्त्यात बहुधा ई-मेल असतो. दोन ओळी लिहून थेट पीडीएफ मागा, बरेच जण आनंदाने पाठवतात.