दलघमी: शब्द की नुसती आद्याक्षरं?

पावसाळा लागला की आमच्याकडे चहाबरोबर पुण्याच्या खडकवासला साखळीतल्या चार धरणांच्या पाणीसाठ्याचे आकडे वाचले जातात. परवा सहावीतल्या भाचीने विचारलं, "मामा, दलघमी हे कुठल्या धरणाचं नाव?" मी हसलो आणि 'दशलक्ष घनमीटर' असं सांगून मोकळा झालो. "म्हणजे किती?" म्हटल्यावर मात्र गप्प बसलो. तर जाणकारांनी सांगावं: याला शब्द म्हणायचं का? वाचताना एका दमात म्हणतात की अक्षरं सुटी करून? आणि टीएमसी (अब्ज घनफुटांचं इंग्रजी माप) सगळ्यांच्या तोंडी असताना हे कशाला?

प्रतिसाद १
पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढली. एका दमातच म्हणतात. "आज दोन दलघमीची आवक झाली" असं सर्रास बोललं जातं, विभक्तीही लागते. तुमच्या व्याकरणात ज्याला प्रत्यय लागतो तो शब्द असेल, तर हा शब्दच. जुन्या कागदांवर द.ल.घ.मी. असे ठिपके सापडतील, ते पुढे गळले.

आता भाचीसाठी. शंभर मीटरच्या शर्यतीचा सरळ पट्टा डोळ्यांसमोर आणा. तेवढीच लांबी, तेवढीच रुंदी, तेवढीच उंची अशी पाण्याची पेटी म्हणजे एक दलघमी. लिटरमध्ये १०० कोटी. सोसायटीत दहा हजार लिटरचा टँकर येत असेल तर असे एक लाख टँकर. एक टीएमसी म्हणजे २८.३ दलघमी. चारही धरणं भरली की उपयुक्त साठा २९.१५ टीएमसी, म्हणजे सुमारे ८२५ दलघमी.

टीएमसी टिकलं कारण जुने नकाशे, जुनी कोष्टकं सगळी फुटांत. १९५६ साली मेट्रिक वजनमापांचा कायदा झाला, मंडईत शेर जाऊन किलो आला. धरणाच्या बातमीतून घनफूट काही गेला नाही.

प्रतिसाद २
टीएमसीला मराठीत 'अघफू' आहे की. अब्ज घनफूट. कृष्णेच्या पाणीवाटपाचे सरकारी कागद बघा. पण कानाला अगदी कुणीतरी फुंकर मारल्यासारखं लागतं, म्हणून रुजलं नसावं.

प्रतिसाद ३
विज्ञान शिकवते, म्हणून एक बारकावा. इंग्रजी कागदांवर याच मापासाठी मोठा एम, लहान एम आणि वर तीनचा घातांक असं लिहिलेलं दिसतं. आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत ते चूक आहे. तिथे घातांक उपसर्गालाही लागतो. घन सेंटीमीटर म्हणजे मीटरचा शंभरावा भाग घेऊन त्याचा घन. घनमीटरचा शंभरावा भाग नव्हे, दहालाखावा. त्याच नियमाने वरची खूण 'मेगामीटरचा घन' अशी वाचावी लागते. हजार किलोमीटर बाजूची पेटी! सगळ्या पृथ्वीवरच्या समुद्रांचं पाणी ओतलं तरी एक भरून थोडंच उरेल. दलघमीचं खरं नाव घनहेक्टोमीटर, हेक्टो म्हणजे शंभर.

दलघमीत ही भानगडच नाही. 'दशलक्ष' ही आपली साधी संख्या, एककाला चिकटलेला उपसर्ग नाही. ज्याने कुणी जोडला त्याने अजाणता का होईना, बरोबर जोडला.

दुसरं असं की रोमन लिपीत मोठा एम मेगाचा आणि लहान एम मिलीचा. देवनागरीत लहानमोठी अक्षरं नाहीत, ते काम आपल्याकडे वेलांटी करते. मि ऱ्हस्व तो मिली, मी दीर्घ तो मीटर. मिमी लिहिताना पहिली आणि दुसरी वेलांटी उलटली की माप गेलं. मुलं म्हणतात, "बाई, शुद्धलेखनाचे मार्क विज्ञानात का कापता?" त्याचं कारण हे.

प्रतिसाद ४
विषय निघालाच आहे तर माझी जुनी ठसठस. "धरणातून वीस हजार क्युसेक पाणी सोडले." अहो, क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. तो वेग आहे, साठा नाही. "पुण्याहून साठ किलोमीटर प्रतितास अंतर गेलो" असं म्हणतो का आपण? किती सोडलं हे सांगायचं तर किती वेळ सोडलं तेही हवं. सुमारे ११,५७४ क्युसेकने अखंड चोवीस तास सोडलं तर एक टीएमसी जातं. 'विसर्ग वीस हजार क्युसेक' हे मात्र बरोबर. आणि 'क्युसेक्स' नको. दोन किलोज म्हणत नाही ना?

प्रतिसाद १ (पुन्हा)
मान्य. विसर्गाबद्दल एक गंमत: नवीन लागलो तेव्हा साहेबांनी विचारलं, "विसर्ग किती?" मला 'दुःख'मधले दोन ठिपके आठवले. "एकच" म्हणालो असतो, पण शेजारच्याने आकडा पुढे सरकवला.

मूळ प्रश्नकर्ता
सगळ्यांचे आभार. पेटीचं आणि वेलांटीचं भाचीला सांगितलं, त्याचा परिणाम भोगतोय. आज सकाळी पेपर घेऊन आली आणि बोट ठेवून उभी. 'दलघमि' छापलंय, ऱ्हस्व. "मामा, दशलक्ष घन मिली. मिली काय, ते लिहिलंच नाही."