खेळाडूंचा संताप आणि आपली मुले : इंदूरकरांचे अनुभव

मैदानावर राग अनावर झालेला नामवंत खेळाडू आपण सगळेच पाहतो. पण ते पाहून पुढे आपल्या घरात, वर्गात किंवा सरावाच्या जागी काय घडले, याविषयी सहसा कोणी लिहीत नाही. त्यासाठी हा धागा आहे. अशा खेळाडूला मुलांपुढे आदर्श म्हणून ठेवावे की नाही, यावर नुसती मते नकोत. स्वतः पाहिलेले, अनुभवलेले लिहावे. आपल्या इंदूरला हा विषय परका नाही. भारताचे पहिले कसोटी कर्णधार कर्नल सी. के. नायडू आपल्या होळकर संघाचे, राहुल द्रविडचा १९७३ सालचा जन्म इथलाच, आणि आजही संध्याकाळी कोणत्याही मोकळ्या मैदानावर किट बॅग घेतलेली मुले आणि त्यांच्यामागे पाण्याची बाटली धरलेले पालक दिसतात.

माझे मत आधीच सांगून टाकते. मुले पडद्यावरच्या रागापेक्षा, तो पाहताना शेजारी बसलेला मोठा माणूस काय बोलतो ते अधिक उचलतात. हे मत खोडून काढणारे अनुभव आले, तर तेही मला हवेच आहेत.

क्रिकेट पंच, लोकमान्य नगर

मी बरीच वर्षे शालेय आणि क्लबच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहत आलो आहे. जुलै २०२३ मध्ये मिरपूरला बांगलादेशविरुद्ध बाद दिल्यावर हरमनप्रीत कौरने यष्ट्यांवर बॅट मारली, त्यानंतरच्याच हंगामातली ही गोष्ट. एका चौदा वर्षांच्या मुलाला मी पायचीत दिले. चेंडू सरळ होता, पाय मधल्या यष्टीसमोर होता, मनात शंका नव्हती. मुलगा क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला, मग त्याने बॅटच्या एका फटक्यात लेग स्टंप उखडला. बेल्स उडून यष्टिरक्षकाच्या पॅडवर आदळल्या. त्या मुलापेक्षा सीमारेषेबाहेरचे दृश्य मला जास्त लागले. त्याचे वडील मोबाइलवर चित्रण करत होते आणि शेजारच्याला कौतुकाने सांगत होते, "शेर है अपना!" मी अहवाल दिला, मुलाला काही सामने बाहेर बसावे लागले, आणि वडिलांनी आयोजकांकडे माझीच तक्रार केली.

पंचाला एकदाच, एकाच जागेवरून आणि पापणी लवेपर्यंतच्या वेळात पाहून निर्णय द्यावा लागतो. पुन्हा पाहण्याची सोय आमच्या मैदानांवर नसते. चुका होतात, हे मी नाकारत नाही. माझ्या पिढीचे दैवत सुनील गावसकर. फेब्रुवारी १९८१ मध्ये मेलबर्न कसोटीत ७० धावांवर डेनिस लिलीच्या गोलंदाजीवर त्यांना पायचीत देण्यात आले. चेंडू आधी बॅटला लागला, असे त्यांचे म्हणणे होते. संतापाच्या भरात ते जोडीदार चेतन चौहान यांनाही बरोबर घेऊन निघाले. सीमारेषेपाशी संघाचे व्यवस्थापक विंग कमांडर शाहिद दुर्रानी यांनी चौहान यांना थांबवले, पुढचा फलंदाज आत गेला आणि सामना सोडून देण्याची नामुष्की टळली. तोच सामना भारताने ५९ धावांनी जिंकला. दुखऱ्या पायानिशी कपिलदेवने शेवटच्या डावात २८ धावांत पाच गडी बाद केले. गावसकरांनी पुढे त्या वागण्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली.

मुलांना ही हकीगत सांगताना मी भर देतो तो दुर्रानींवर. संतापलेला मोठा खेळाडू सगळ्यांच्या लक्षात राहतो, त्याला वाटेत अडवणारा माणूस राहत नाही. त्या दिवशी आमच्या सीमारेषेवर असा एकही मोठा माणूस उभा नव्हता.

एक आई, राजेंद्र नगर

माझी मुलगी अभय प्रशालमध्ये टेबल टेनिस खेळते. गेल्या वर्षी एका सामन्यात दहा-आठ अशी आघाडी घेतलेला गेम हातचा गेला, तेव्हा तिने बॅट टेबलाच्या कडेवर आपटली. रबर कडेने सुटले आणि लाकडाचा टवका उडाला. पंचांनी पिवळे कार्ड दाखवले. पुढच्या गेममध्ये ती पुन्हा ओरडली, तेव्हा पिवळे आणि लाल अशी दोन्ही कार्डे एकत्र वर झाली आणि एक गुण समोरच्या मुलीला मिळाला. परतताना रिक्षात ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "आई, जोकोविचने विम्बल्डनच्या फायनलमध्ये नेटच्या खांबावर रॅकेट तोडली, तरी सगळे त्याला ग्रेटच म्हणतात ना?"

तिचे म्हणणे खोटे नव्हते. २०२३ च्या त्या अंतिम सामन्यातील प्रकाराबद्दल त्याला आठ हजार डॉलरचा दंड झाला, आणि एवढ्या कमाईच्या खेळाडूला तो जाणवलाही नसेल. म्हणून रात्री मी तिला त्याच खेळाडूचा २०२० च्या अमेरिकन ओपनमधला प्रसंग दाखवला. पहिल्या सेटमध्ये सर्व्हिस गमावून तो ५-६ असा मागे पडला होता. वैतागून त्याने न पाहता मागे टोलवलेला चेंडू रेषेवरच्या पंच बाईंच्या गळ्यावर बसला, आणि जगातील पहिल्या क्रमांकाच्या त्या खेळाडूला तिथल्या तिथे स्पर्धेतून बाहेर काढण्यात आले. माझा सगळा रोख शिक्षेवर होता. मुलीने मात्र खाली बसलेल्या त्या बाईंपाशी चित्र थांबवले आणि विचारले, "यांचं पुढे काय झालं?" नंतर समाजमाध्यमांवर लोकांनी त्या बाईंनाच धारेवर धरले, तेव्हा जोकोविचनेच आपल्या चाहत्यांना त्यांच्या पाठीशी उभे राहण्याची विनंती केली होती. तेही मी तिला सांगितले.

मी नवे रबर लगेच आणून दिले नाही. कडेला टेप लावून तिने त्याच बॅटने पुढची स्पर्धा खेळली. राग तिला अजूनही येतो. तेव्हा ती टॉवेल घेऊन चेहरा झाकते. नियमाप्रमाणे दर सहा गुणांनी तशी मुभा असते आणि तिला तेवढी पुरते.

नोकरदार तरुण, सुदामानगर

माझा अनुभव थोडा उलट आहे. विराट कोहलीचा आवेश पाहूनच मी क्रिकेटकडे वळलो. लाजाळू मुलगा होतो. मैदानावर आवाज चढवायला त्याच्याकडे पाहून शिकलो आणि नोकरीतही त्याचा मला उपयोग झाला. २०१२ मध्ये सिडनीत त्याने प्रेक्षकांना मधले बोट दाखवले आणि अर्धे मानधन दंडात घालवले, ते मला तेव्हाही आवडले नव्हते. पण २०१९ च्या विश्वचषकात ओव्हलवर भारतीय प्रेक्षक स्टीव्ह स्मिथची हुर्यो उडवत होते, तेव्हा त्याच कोहलीने हातवारे करून त्यांना टाळ्या वाजवायला सांगितले. ज्याने सात वर्षांपूर्वी प्रेक्षकांशी भांडण काढले, त्यानेच हे केले म्हणून मला त्याचे अधिक मोल वाटते. मे २०२३ मध्ये लखनौला गौतम गंभीरबरोबर त्याची जुंपली आणि दोघांचेही पूर्ण मानधन कापले गेले, म्हणजे माणूस पूर्ण बदलला असेही नाही. तरीही माझ्या धाकट्या भावाने आदर्श निवडताना चुका केलेला आणि सावरलेला माणूस निवडावा, असेच मला वाटते.

तायक्वांदो प्रशिक्षक, इंदूर

आमच्याकडे नवी तुकडी आली की मी एकच प्रसंग सांगतो. क्युबाचा आंखेल मातोस २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक विजेता होता. २००८ मध्ये बीजिंगला कांस्यपदकाच्या लढतीत त्याला अपात्र ठरवल्यावर त्याने पंचाच्या चेहऱ्यावर लाथ मारली, आणि त्याच्यावर व त्याच्या प्रशिक्षकावर आजन्म बंदी आली. प्रशिक्षकावरही बंदी आली, हे मी पालकांना मुद्दाम दोनदा सांगतो.

निवृत्त शिक्षिका, रामबाग

वर्गात आवडत्या खेळाडूवर निबंध लिहायला सांगितला की निम्म्या वह्यांत द्रविड असायचा, आणि प्रत्येक वहीत "तो कधीच रागावत नाही" हे वाक्य असायचे. २०१४ मध्ये वानखेडेवर राजस्थान रॉयल्सचा अगदी शेवटच्या क्षणी पराभव झाला, तेव्हा मार्गदर्शक म्हणून बसलेल्या द्रविडने टोपी जमिनीवर भिरकावली होती. ते दृश्य पाहिलेला एक मुलगा दुसऱ्या दिवशी हिरमुसून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मॅडम, आता निबंधात ते वाक्य खोडू का?" मी त्याला वाक्य खोडायला आणि त्या जागी टोपीचा प्रसंग लिहायला सांगितले. पुढे २०२१ मध्ये रस्त्यावर आरडाओरडा करणाऱ्या द्रविडची जाहिरात आली, तेव्हा मोठा झालेल्या त्याच मुलाने ती मला आवर्जून पाठवली. शांत माणसाला राग येतच नाही, असे मुलांना शिकवणे मला अन्यायाचे वाटते. मग ज्या मुलाला राग येतो, तो स्वतःला वाईटच समजू लागतो.

मुलींच्या क्रिकेट संघाची प्रशिक्षिका, इंदूर

वर पंचकाकांनी हरमनप्रीतचे उदाहरण दिले आहे, ते अर्धेच आहे. मिरपूरला तिने यष्ट्या उडवल्या, बक्षीस समारंभात पंचांवर जाहीर टीका केली आणि एकत्र छायाचित्राच्या वेळी असे बोलली की बांगलादेशचा संघ निघून गेला. दोन सामन्यांची बंदी आली आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत उपांत्यपूर्व व उपांत्य सामन्यांना ती बाहेर बसली. शिक्षा योग्यच होती. पण आमच्या मुलींनी त्या काळात जे ऐकले, त्यात "बाईच्या जातीला हे शोभत नाही" हे वाक्य वारंवार होते. मुलगा यष्ट्या उडवतो तेव्हा त्याचा बाप त्याला शेर म्हणतो, हे पंचकाकांनीच लिहिले आहे. २०१८ च्या अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात पंचांशी भांडल्याबद्दल सेरेना विल्यम्सला एक पूर्ण गेम गमवावा लागला आणि पुढे सतरा हजार डॉलरचा दंड झाला. पुरुष खेळाडू याहून वाईट बोलून सुटतात, हा तिचा आक्षेप होता. तिचे वागणे मी उचलून धरत नाही, पण तो आक्षेप मला खरा वाटतो. नियम दोघांना सारखा लावायचा असेल, तर कौतुक आणि नाराजीही सारखीच हवी.

१९ ऑक्टोबर २०२५ रोजी आम्ही मुलींना घेऊन होळकर स्टेडियमवर विश्वचषकाचा इंग्लंडविरुद्धचा सामना पाहायला गेलो होतो. हातात आलेला सामना भारताने अवघ्या चार धावांनी घालवला. आमची यष्टिरक्षक मुलगी रडत होती आणि तिची नजर हरमनप्रीतवरून हटत नव्हती. हरमनप्रीतने यष्ट्यांना हात लावला नाही, पंचांशी वाद घातला नाही. दोन आठवड्यांनी, २ नोव्हेंबरला, तिच्याच नेतृत्वाखाली भारताने नवी मुंबईत विश्वचषक जिंकला. मिरपूरची हरमनप्रीत आणि ही हरमनप्रीत, दोन्ही माझ्या मुलींनी पाहिल्या आहेत, आणि यातली एक लपवावी असे मला वाटत नाही.

आमच्याकडे एक पद्धत सुरू केली आहे. जी मुलगी निर्णयावरून भांडते, तिने पुढच्या सराव सामन्यात पंच म्हणून उभे राहायचे. परवा एका मुलीने स्वतःच्याच मैत्रिणीला झेलबाद दिले आणि मैत्रिणीने बॅट आपटली. पंच झालेल्या मुलीने शांतपणे माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "ताई, पुढच्या सामन्यात पंच हिला करा." पालकांनीही एकेक डाव उभे राहावे अशी माझी इच्छा आहे. पंचकाकांनी रविवारी सकाळी येऊन नियम समजावून दिले, तर मी सगळ्यांना बोलावते.