आपत्कालीन पिशवीत निवाऱ्याचे आणि उबेचे सामान किती व कोणते ठेवावे?

प्रश्न

आम्ही घरात चौघे आहोत: दोन प्रौढ, सत्तरी ओलांडलेली एक व्यक्ती आणि पाच वर्षांचे एक मूल. भूकंप किंवा पूर यांमुळे घर तातडीने सोडावे लागले, तर दोन-तीन थंड रात्री उघड्यावर काढता याव्यात इतके सामान दाराजवळ बांधून ठेवायचे आहे. पाणी, कोरडे अन्न आणि औषधे यांची व्यवस्था झाली आहे. निवारा आणि ऊब यांबाबत मात्र निर्णय होत नाही. चंदेरी, पातळ आपत्कालीन ब्लँकेटे वजनाला नगण्य असल्यामुळे माणशी एक घ्यावे, असा विचार आहे. ती पुरेशी ठरतील का? तसेच तंबू घ्यावा की ताडपत्री? पाठीवरच्या दोन पिशव्यांपेक्षा अधिक ओझे आम्हाला नेता येणार नाही.

प्रतिसाद १

ती ब्लँकेटे जरूर घ्यावीत, परंतु केवळ त्यांच्यावर विसंबू नये. १९६४ मध्ये नासाने अवकाशमोहिमांसाठी विकसित केलेल्या या साहित्यात प्लॅस्टिकच्या अतिपातळ पापुद्र्यावर ॲल्युमिनियमचा थर असतो. शरीरातून किरणांच्या रूपाने बाहेर पडणारी उष्णता तो थर परत फिरवतो आणि वाराही अडवतो. पण गार जमिनीवर आडवे झाल्यावर जी उष्णता थेट स्पर्शातून जमिनीत जाते, तिच्यापुढे हा पापुद्रा निरुपयोगी आहे. शिवाय त्यातून बाष्प बाहेर पडत नसल्याने घट्ट गुंडाळून झोपल्यास पहाटेपर्यंत आतले कपडे दमट होतात.

म्हणून माझ्या मते वजनाचा पहिला वाटा अंगाखालच्या चटईला द्यावा. पाणी न शोषणाऱ्या फोमची चटई जागा बरीच अडवते, पण ती पिशवीच्या बाहेर बांधता येते, शिवाय हवा भरायच्या गादीसारखी ती फुटत नाही. चटई नसेल तर सुके गवत, पुठ्ठे, रिकाम्या पिशव्या, जे मिळेल ते अंगाखाली जाड पसरावे. अंगावर दोन पांघरुणे आणि खाली काहीच नाही, यापेक्षा वर एक आणि खाली एक ही विभागणी बहुतेक वेळा अधिक उपयोगी पडते.

त्यानंतर कोरडे कपडे. पाणी स्थिर हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे पारा १० अंशांवर असतानाही भिजलेला माणूस वाऱ्यात धोकादायकरीत्या गारठू शकतो. सुती कपडे भिजले की ऊब गमावतात. लोकर ओली असतानाही काही प्रमाणात ती टिकवते. प्रत्येकाचा एक जोड, कानटोपी, हातमोजे आणि पायमोजे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत स्वतंत्रपणे बांधून ठेवावेत. पाठपिशवीच्या वरून घातलेले आवरण पुराच्या पाण्यात काहीही वाचवत नाही.

प्रतिसाद २

मी ताडपत्रीच्या बाजूने आहे. कडेला धातूच्या कड्या असलेली ३ × ४ मीटरची ताडपत्री आणि चार-पाच मिलिमीटर जाडीचा २० मीटर दोर एवढ्यात चौघांना आडोसा होतो. मदतसंस्था वाटतात ती ४ × ६ मीटरची ताडपत्री अधिक सोयीची असली, तरी तिचे वजन चार किलोंच्या पुढे जाते, म्हणून ती तुमच्या हिशेबात बसणार नाही. वारा ज्या दिशेने येतो तिकडची कड जमिनीलगत टेकवावी आणि छत शक्य तितके ठेंगणे ठेवावे. भूकंपानंतर दोर भिंतीला, कुंपणाच्या कठड्याला किंवा विजेच्या खांबाला बांधू नये, कारण त्यानंतरच्या धक्क्यांत तेच अंगावर येण्याचा धोका असतो.

प्रतिसाद ३

वरील मताशी मी पूर्ण सहमत नाही. ताडपत्री बांधण्यासाठी काहीतरी आधार लागतो आणि फरसबंदीच्या मोकळ्या मैदानात खुंटीही ठोकता येत नाही. वृद्ध व्यक्ती आणि मूल सोबत असताना स्वतःच्या कमानींवर उभा राहणारा, चारही बाजूंनी बंद होणारा छोटा तंबू घ्यावा; त्याचे वजन दोघा प्रौढांत विभागता येते. स्लीपिंग बॅग घेणार असाल, तर तिच्यावरील ‘किमान मर्यादे’चे तापमान न पाहता ‘आरामदायी’ तापमानाचा आकडा पाहावा. शिवाय ती वर्षभर आवळून ठेवल्यास आतील भरणाचा फुगीरपणा जातो आणि ऊबही घटते, म्हणून ती सैल पिशवीत, पण इतर सामानाच्या शेजारीच ठेवावी.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. चटया आणि छोटा तंबू असे ठरवत आहे. तंबूत ऊब राहावी म्हणून मेणबत्ती किंवा छोटी शेगडी चालेल का? आणि वयस्कर व्यक्ती प्रमाणाबाहेर गारठली आहे, हे वेळीच कसे ओळखावे?

प्रतिसाद १ (पुढे)

शेगडी किंवा कोळसा तंबूत मुळीच पेटवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो, त्यामुळे झोपेतला माणूस जागा होत नाही. मेणबत्तीने तंबूचे कापड पेटू शकते. त्याऐवजी बाहेर पाणी तापवून ते धातूच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत भरावे आणि कापडात गुंडाळून छातीशी किंवा काखेत धरावे.

शरीराचे आतील तापमान ३५ अंश सेल्सियसच्या खाली गेले की धोका सुरू होतो. वयस्कर व्यक्तींना हुडहुडी कमी भरते, म्हणून तिची वाट पाहू नये; बोलणे अडखळणे, हात अनाडीपणे चालणे, गुंगी येणे ही लक्षणे पाहावीत. अशा वेळी ओले कपडे काढून आधी धड उबदार करावे, हातपाय चोळू नयेत, मद्य देऊ नये आणि वैद्यकीय मदत मिळवावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये.

हात शेकण्यासाठीची रासायनिक पाकिटे घेतल्यास त्यांवरील मुदत पाहावी आणि ती थेट त्वचेवर ठेवू नयेत. मुलाचे कपडे मात्र दर सहा महिन्यांनी अंगाला लावून पाहावे लागतील.