राष्ट्रीय सेवा योजनेतून मुलाला नेमके काय मिळेल?

पालक, सातारा: माझ्या मुलाने बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला राष्ट्रीय सेवा योजनेत नाव नोंदवले आहे. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर, एवढा वेळ अभ्यासातून काढणे योग्य ठरेल का?

माजी स्वयंसेवक: आमच्या शिबिरात ओढ्यावर वनराई बंधारा घालताना सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून त्यांची तोंडे सुतळीने शिवावी लागली आणि पहिल्याच दिवशी बोटे सोलली. गोण्या विटांसारख्या सांधेमोड करून रचायच्या असतात, नाहीतर पाणी फटीतून निसटते, हे गावातल्या एका आजोबांनी दाखवले. पन्नास जणांत काम वाटून देणे, रुसलेल्यांची समजूत काढणे मी तिथेच शिकलो. (स्वयंपाकही, नाइलाजाने!) पुढे नोकरीच्या मुलाखतीत गुणपत्रिकेपेक्षा याविषयीच अधिक विचारले गेले.

प्राध्यापिका: १९६९ पासून चालत आलेल्या या योजनेत तास केवळ वहीत भरणारेही असतात, त्यांच्या पदरी प्रमाणपत्राखेरीज काही पडत नाही. त्यामुळे कार्यक्रम अधिकारी स्वतः कामात उतरतात का, याची आधी चौकशी करावी.

पालक, सातारा: आभारी आहे. सोमवारी महाविद्यालयात जाऊन त्यांना भेटतो.