पाळणाघराचा खरा खर्च कसा काढायचा?

प्रश्न: पाळणाघराचं मासिक शुल्क आणि घरी येऊन बाळ सांभाळणाऱ्या ताईंचा पगार, यांची तुलना कशी करावी? एकाचा पगार यातच संपणार असेल तर नोकरी सोडणं योग्य का?

उत्तर १: दोन्हींचा ताशी खर्च काढा. २२ दिवस रोज ९ तास म्हणजे १९८ तास. आजारपण आणि सुट्ट्यांचे ४ दिवस गेले की उरतात १६२. शुल्क मात्र तेवढंच, म्हणजे ताशी खर्च २२ टक्क्यांनी वाढला. प्रवेश शुल्क १२ महिन्यांत विभागून धरा. उशिराचा दंड दर १५ मिनिटांना लागतो की तासाला, आणि बाळाला ताप असताना घेतात का, हे आधी लेखी घ्या. बजेट इथेच कोलमडतं.

उत्तर २: घरी ताई असतील तर त्यांची भरपगारी रजा धरायलाच हवी. त्या दिवसांसाठी पर्यायी माणूसही लागेल. दोन कुटुंबांनी मिळून ठेवल्यास खर्च वाटला जातो, पण एक बाळ आजारी पडलं तर काय करायचं, ते आधी ठरवा.

उत्तर ३: शुल्क एकाच्याच पगारातून वजा करू नका, दोघांच्या एकत्रित उत्पन्नातून करा. नोकरी सोडल्यास पगारवाढ, निवृत्तीची बचत आणि अनुभवही थांबतो. शिवाय तान्ह्या बाळांमागे जास्त माणसं लागतात, म्हणून सुरुवातीचं शुल्क सर्वाधिक. मूल मोठं झालं की ते बहुधा उतरतं. पुढच्या वयोगटाचा दर आजच विचारून ठेवा.